वस्त्रे, पट्टा आणि बाणा

१

‘लिव्हरी’ या इंग्रजी शब्दाचा मराठी अनुवाद करू पाहणारास पहिल्याच पावलाला अडखळावे लागते. धन्याने चाकरास द्यावयाचा व धन्याचा रंग किंवा चिन्ह वागविणारा पोशाख, हा त्या शब्दाचा स्थूल अर्थ. त्यासाठी ‘गणवेश’ वापरावा तर त्यात गण आहे, धनी नाही. शाळेतील मुलेही गणवेशच घालतात. ‘वर्दी’ म्हणावे तर तो शब्द पोलीस व पलटण यांच्याकडे झुकतो, शिवाय मराठीत वर्दी म्हणजे आधी खबर. ‘पोशाख’ म्हणावे तर जुन्या कागदपत्रांत पोशाख देणे म्हणजे गौरव करणे. अशा जागी तळटीप लिहून पुढे जाण्याची सोय अनुवादकाला असतेच. परंतु परभाषेतील एका शब्दासाठी स्वभाषेतील तीन-चार शब्द चाचपावे लागतात, तेव्हा ती उणीव केवळ शब्दकोशाची नसते. त्या शब्दांमधील अंतरात समाजाचा काही इतिहास साठलेला असतो. मराठीपुरते असे चार शब्द सांगता येतील : वस्त्रे, पट्टा, झूल आणि बाणा. चारही शब्द अंगावर चढविलेल्या खुणेचे आहेत. चढविणारा कोण आणि उतरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच त्यांच्यात भेद आहे. मात्र हा भेद जितका सूक्ष्म तितकाच निर्णायक आहे.

या भेदाचा विचार करावयास चेन्नईइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. १८६२ साली स्थापन झालेले आणि १८९२ पासून आपल्या प्रसिद्ध तांबड्या वास्तूत नांदणारे तेथील उच्च न्यायालय शहराचे नाव पालटल्यानंतरही मद्रास उच्च न्यायालय याच नावाने ओळखले जाते. न्यायमूर्ती दालनातून न्यायासनाकडे निघाले की त्यांच्यापुढे पांढऱ्या पोशाखातील, तांबडा पट्टा व पागोटे ल्यालेला चोपदार चांदीचा दंड घेऊन चालू लागतो. पेशवाईच्या वर्णनातून आणि ऐतिहासिक नाटकांतून मराठी वाचकास परिचित असलेला हा पुरुष तेथे आजही पगारी नोकर आहे. त्याची भरती परीक्षा घेऊन होते. फारसी ‘चोब’ म्हणजे काठी. काठी धरणारा तो चोपदार. त्याच्या नावात काठी आहे, पोशाखात न्यायालय आहे. तो स्वतः कोठे आहे, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही आणि साहित्यानेही अगदी थोडा विचारला आहे.

२

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘हाती सोपविलेले’ असा होतो. मध्ययुगीन यूरोपात सरदाराच्या घरी राबणाऱ्या माणसांस अन्न, कपडा, घोड्यास दाणा असे जे जे नेमून दिले जाई ते सर्व लिव्हरी. पुढे अन्न मागे पडले आणि कपडा तेवढा शब्दात उरला. या कपड्याचे राजकीय सामर्थ्य केवढे होते हे इंग्लंडच्या कायद्यांवरून कळते. ज्याच्या अंगावर सरदाराचे चिन्ह, त्याच्या पाठीशी सरदाराची तरवार. न्यायाधीशही त्याच्यापुढे कचरत. म्हणून १३९० साली दुसऱ्या रिचर्डने सरदारांच्या या दानावर बंधने घातली आणि १५०४ साली सातव्या हेन्रीने ती अधिक कडक केली. १५०७ साली लॉर्ड बर्गाव्हेनीला ४७१ माणसे बेकायदा पदरी बाळगल्याबद्दल ७०,६५० पौंडांचा दंड झाला. दर माणशी, दर महिना पाच पौंड, असे तीस महिने, हा त्याचा हिशोब. चाकराला कपडा देणे हा राजद्रोहाच्या सीमेवरचा गुन्हा ठरावा, इतका त्या कपड्यात अर्थ भरलेला होता.

याच शब्दाची दुसरी गती लंडन शहरातच झाली. तेथील व्यापारी व कारागीर संघांनी आपापला पोशाख ठरविला, आणि तो घालण्याचा हक्क मिळालेला सभासद ‘लिव्हरीमन’ म्हणून प्रतिष्ठित झाला. शहराच्या महापौराची निवड करण्यात त्याचा वाटा असे व आहे. एकच शब्द सरदाराच्या दारी दास्याचा आणि संघाच्या सभागृहात नागरिकत्वाचा वाचक झाला. कापडात फरक नव्हता. कापड कोणाच्या इच्छेने अंगावर आले, यात होता.

हा दुहेरी वारसा इंग्रजांबरोबर मद्रासला आला. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ च्या अखेरीस सनद दिली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी मद्रासचे नगरमंडळ उभे राहिले. नाथानिएल हिगिन्सन पहिला महापौर झाला. त्याच्यापुढे चालावयाचे सोनेरी मुलाम्याचे दोन रुपेरी दंड, आल्डरमनांचे तांबडे झगे, बर्जेसांचे पांढरे चिनी रेशीम आणि डोक्यावर छत्री धरविण्याचा अधिकार, हे सर्व नेमून दिलेले होते. आल्डरमनांत इंग्रजांबरोबर पोर्तुगीज, ज्यू आणि हिंदू व्यापारी होते. त्यांतील मुद्दू विरण्णाची कथा बोलकी आहे. त्याचा दत्तक पिता कासी विरण्णा हा कंपनीचा मुख्य व्यापारी. तो १६८० साली वारला तेव्हा या मुलाला त्याचे नाव देण्यात आले, डोक्यावर छत्री धरण्याचा मान देण्यात आला, आणि शहराला व आसपासच्या मुलखाला हा मान कळावा म्हणून अकरा तोफा उडविल्या गेल्या. सन्मान मिळून भागत नाही, तो दिसावा लागतो, हे कंपनीला पक्के ठाऊक होते. ती छत्री धरणाऱ्या माणसाचे नाव मात्र या नोंदीत नाही.

पुढे १७११ साली चार्ल्स लॉकियर या प्रवाशाने लिहून ठेवले की मद्रासचा गव्हर्नर बाहेर पडतो तेव्हा साठ-ऐंशी हत्यारबंद शिपायांहून कमी लवाजमा क्वचितच असतो. पुढे दोन निशाणे चालतात आणि देशी वाद्यांचा कल्लोळ असा की नवख्या माणसाला हे लोक वेडे तर नाहीत ना असे वाटावे. लॉकियर हसला. परंतु दुकानदारांच्या कंपनीने राजाचे सोंग उभे केले ते याच भाडोत्री अंगांच्या आधारावर, हे त्या हसण्याआड लपून जाते.

३

मराठी भाषेचा आणि या व्यवहाराचा संबंध चेन्नईपुरता तरी अगदी प्रत्यक्ष आहे. मे १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या मोहिमेवर असलेल्या शिवाजी महाराजांचा वकील मद्रासच्या किल्ल्यात पत्र घेऊन आला. काही औषधी खडे व विषावरील उतारे महाराजांना हवे होते. गव्हर्नर लँगहॉर्न याच्या मंडळाने त्या वस्तू किंमत न घेता, भेट म्हणून पाठविण्याचे ठरविले आणि निरोप आणणाऱ्या ब्राह्मणास काही वार बनात व थोडे चंदन दिले. बनात, सकलाद ही विलायती लोकरी कापडाची मराठी नावे त्या काळच्या दरबारी देवघेवीतून भाषेत रुजली. या नोंदीतील बनात मात्र कोणत्याच कोष्टकात बसत नाही. इंग्रजांच्या दृष्टीने ती बक्षिशी होती, मराठ्यांच्या रीतीने ते वकिलाचे वस्त्रदान होते. कापड एकच आणि वाचने दोन.

अकराच वर्षांपूर्वी याच वाचनाचा प्रश्न आग्र्याला पेटला होता. १२ मे १६६६ च्या दरबारात इतर मानकऱ्यांस खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही. आणि नंतर जी देऊ केली गेली ती अंगावर घेण्याचे त्यांनी साफ नाकारले, असे आग्र्याहून लिहिलेल्या तत्कालीन राजस्थानी पत्रांवरून दिसते. ‘खिलत’ या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘उतरविणे’ हा धातू आहे : राजाने आपल्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घातलेले वस्त्र. राजाच्या देहाचा अंश त्यातून घेणाऱ्याकडे जातो आणि घेणारा राजाच्या देहाचा अवयव बनतो, अशी या विधीची मीमांसा एफ. डब्ल्यू. बक्लर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केली. या मीमांसेच्या उजेडात आग्र्याचा नकार केवळ मानापमानाचा राहत नाही. परक्या देहाचा अवयव होण्यास दिलेला तो नकार आहे.

पुढे मराठ्यांनी हीच रीत स्वीकारली आणि भाषेत एक विलक्षण वाक्प्रचार स्थिरावला. १७२० साली पहिल्या बाजीरावास, १७४० साली नानासाहेबास, १७६१ साली माधवरावास पेशवाईची ‘वस्त्रे मिळाली’. पद मिळाले असे म्हणावयाचे कारणच उरले नाही. वस्त्रे हेच पद. पुण्याचा पेशवा साताऱ्याच्या छत्रपतींहून प्रबळ झाला तरी वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. चाकराचे सामर्थ्य धन्याहून वाढू शकते, पण त्याचा पोशाख त्याच्या हाती नसतो, हे मराठी राजकारणातील सत्य या दोन शब्दांनी जितके नेमके पकडले आहे तितके एखाद्या ग्रंथानेही क्वचित पकडले असेल.

४

वस्त्रे वरच्या अंगाला मिळतात. खालच्या अंगाला मिळतो तो पट्टा. इंग्रजी अमदानीत कचेरीच्या नोकराला तिन्ही इलाख्यांत तीन नावे होती. बंगालमध्ये तो चपराशी, म्हणजे पितळी बिल्ला वागविणारा, मुंबई इलाख्यात पट्टेवाला, मद्रासेत प्यून. पहिली दोन नावे पोशाखाच्या अवयवावरून पडली. तिसरे पोर्तुगीजांकडून आले आणि त्याचा अर्थ पायदळातला माणूस, म्हणजे पायांवरून ओळखला जाणारा. मद्रासच्या तमिळ बोलीनेही पट्ट्याला विसरले नाही. फारसी ‘दुवाल’, म्हणजे चामड्याचा पट्टा, या शब्दापासून आलेला ‘डवाली’ हा शब्द तेथे बिल्ल्याच्या पट्ट्याला लागतो आणि तो घालणाऱ्या माणसालाही. चार भाषांनी जणू संगनमत करून एका माणसाला त्याच्या नावावाचून हाक मारण्याची सोय केली. मराठीत कुत्र्याच्या गळ्यातही पट्टाच असतो. ही गोष्ट सांगताना संकोच वाटावा, परंतु भाषेला तो वाटलेला नाही.

पट्ट्याबरोबर पागोटेही आले, आणि येथे वसाहतीच्या राज्याने एक वेगळीच करामत केली. मोगल सरदाराचा अंगरखा, कंबरबंद आणि तुरेदार फेटा यांनी साहेबाच्या दारावरचा चाकर सजविला गेला. कालचा मानकरी ज्या वेषात दरबारात बसे, त्या वेषात आजचा द्वारपाल दार उघडू लागला. बर्नार्ड कोन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात वस्त्र हे वसाहतीच्या सत्तेचे रणांगण कसे होते ते दाखविले आहे. स्वातंत्र्याने ही करामत मोडली असे म्हणवत नाही. मोठ्या हॉटेलाच्या दारात मिशांना पीळ देऊन उभा असलेला फेटेवाला आजही पाहुण्यास राजेपणाचा भास विकतो. २०१९ साली राज्यसभेच्या मार्शलांचा फेट्याचा पोशाख बदलून त्यांना लष्करी धाटणीची टोपी व कपडे देण्यात आले, तेव्हा माजी सेनाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि सभापतींना फेरविचाराचा आदेश द्यावा लागला. लष्कराच्या पोशाखाची प्रतिष्ठा हा आक्षेपाचा विषय होता, आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र काळाला साजेसा पोशाख मार्शलांना स्वतःलाच हवा होता, या बातमीकडे त्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही.

५

साहित्याने या माणसाकडे कसे पाहिले? यूरोपीय साहित्यात व कलेत त्याच्या पोशाखाची दोन टोके सापडतात. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील माल्व्होलिओ हा कारभारी खोट्या पत्राला भुलून पिवळे मोजे चढवितो आणि हास्यास्पद होतो. नेमून दिलेल्या वेषाबाहेर पडण्याचे स्वप्न हाच त्याचा अपराध. दुसऱ्या टोकाला मुर्नाव यांचा १९२४ मधील मूक चित्रपट ‘डेर लेत्स्ते मान’ आहे. हॉटेलचा वृद्ध द्वारपाल म्हातारपणामुळे शौचालयाच्या कामावर ढकलला जातो आणि त्याचा सोनेरी गुंड्यांचा झगा काढून घेतला जातो, तेव्हा तो खचतो. चाळीतल्या शेजाऱ्यांनी आदर केला होता तो त्या झग्याचा. माल्व्होलिओला वेष उतरवावासा वाटतो, या द्वारपालाला तो उतरला जाणे सोसत नाही. दोघांच्याही बाबतीत उतरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती आहे.

भारतीय लेखनात या प्रश्नाला जातीचा पीळ पडतो. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) मधील बाखा गोऱ्या सोजिरांचे टाकलेले कपडे मोठ्या हौसेने घालतो. परंतु रस्त्याने जाताना आपण येत असल्याची ललकारी त्याला द्यावीच लागते, आणि ती राहून जाते तेव्हा थप्पड बसते. या प्रसंगाशेजारी चोपदाराला उभा केला म्हणजे एक भीषण साम्य ध्यानात येते. दोघेही वाट मोकळी करण्यासाठी ओरडतात. चोपदार धन्याच्या वाटेतून लोकांना दूर करतो. बाखाला आपल्याच देहापासून लोकांना दूर करावे लागते. पहिल्याचा पोशाख त्याच्या हीनत्वावर मुलामा चढवितो. दुसऱ्याने कोणताही पोशाख केला तरी मुलामा चढतच नाही.

मराठी साहित्याचे चित्र याहून अपुरे आहे. ऐतिहासिक नाटकांत पडदा उघडला की भालदार-चोपदार ललकारी देतात, राजा आला की बाजूला होतात, आणि संवाद सुरू होताच विस्मरणात जातात. रंगभूमीवर सर्वांत मोठा आवाज त्यांचा आणि सर्वांत कमी शब्द त्यांचे. बखरींना वस्त्रे देणारा हात दिसतो, घेणारा खांदाही दिसतो. वस्त्रांचे गाठोडे उचलून आणणारा दिसत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९७९ साली आपल्या कादंबरीला ‘झूल’ हे नाव दिले तेव्हा पोळ्याच्या बैलावरचे हे शोभेचे कापड महाविद्यालयीन अध्यापकाच्या जगापर्यंत आले, आणि सुशिक्षित चाकरीही एक सजविलेली चाकरीच असू शकते हे मराठी वाचकाला मान्य करावे लागले. तरी झूल ही सुशिक्षिताची व्यथा झाली. पट्टेवाल्याचा पट्टा तिने सुटत नाही. नारायण सुर्वे यांनी मुंबईच्या पालिकेच्या शाळेत शिपायाचे काम केले, पुढे ते शिक्षक झाले, आणि १९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’पासून त्यांची कविता ज्या ठाम स्वरात प्रथमपुरुषी एकवचनाचा उच्चार करते त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. पट्ट्याच्या आतला माणूस तेथे स्वतः बोलू लागतो.

६

उरतो तो बाणा. बाणा म्हणजेही मुळात वेषच, अंगीकारलेल्या व्रताची खूण दाखविणारा. पुढे वेष गळून पडला आणि वृत्ती उरली. मराठीने चारांपैकी हा एकच शब्द देहावरून मनात नेला, याचे कारण उघड आहे : बाणा कोणी देत नाही, तो आपण घेतो.

अशा रूपांतराचे उदाहरण मराठी समाजाने प्रत्यक्ष घडविलेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला सोहळ्याचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांच्या साह्याने घोडे, तंबू आणि चोपदार हा दरबारी थाट वारीत आला. समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र चालूच राहतात. चोपदाराने तिच्यापर्यंत जावयाचे, गाऱ्हाणे ऐकावयाचे आणि मगच शांतता व्हावयाची. दरबारातला चोपदार लोकांना गप्प करतो. वारीतल्या चोपदाराला, ज्याने गप्प होण्याचे नाकारले त्याच्याकडे चालत जावे लागते.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची आपली वेगळी पद्धत सोडण्यास आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून देण्यास सांगितले. तो वेष कोणा एका धन्याने शिवून दिलेला नव्हता. साऱ्या गावाने मिळून तो अंगाला चिकटविला होता. तो उतरविण्याचा अधिकार त्या स्त्रियांचाच आहे, हे त्या दिवशी प्रथम एवढ्या स्पष्टपणे सांगितले गेले.

या दोन उदाहरणांच्या कसोटीवर चेन्नईच्या अलीकडच्या घटना पाहाव्यात. २००६ ते २०१३ या काळात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले के. चंद्रू यांनी आपल्यापुढे दंडधारी चोपदार चालू नये असे ठरविले आणि ‘माय लॉर्ड’ हे संबोधनही नाकारले. ही कृती थोर आहे. तरीही टीकाकाराने एवढे नोंदविणे अवश्य आहे की येथेही निर्णय न्यायासनाचा आहे. चोपदार न्यायमूर्तींच्या इच्छेने पुढे चालत होता, न्यायमूर्तींच्या इच्छेने थांबला. २०२३ साली त्याच न्यायालयात पहिली स्त्री चोपदार झाली. शतकभर पुरुषांचाच असलेला पोशाख स्त्रीच्या अंगावर आला. पोशाखाचा अर्थ किती बदलला हे सांगणे अद्याप घाईचे ठरेल.

त्यानंतरची घटना ३३६ वर्षांपूर्वी ज्या नगरमंडळापुढे ते दोन दंड चालले होते तेथेच घडली. २०२४ साली चेन्नईच्या महापौरांकडे असलेल्या पहिल्या स्त्री दफेदाराची मणली विभागात बदली झाली. पांढरा पोशाख आणि तांबडा पट्टा यांच्या जोडीला ओठांना रंग लावू नये ही सूचना न पाळल्याचे हे फळ, असे तिचे म्हणणे; बदलीचा त्याच्याशी संबंध नाही, असे महापौरांच्या बाजूचे. या वादाचा निवाडा करणे हे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे. परंतु तिला खुलासा मागण्यात आला तेव्हा तिने दिलेले लेखी उत्तर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, आणि तो मजकूर समीक्षेच्या कक्षेत निश्चितच येतो. हा गुन्हा असेल तर तसा सरकारी आदेश दाखवावा, एवढाच त्याचा आशय. त्यात विनवणी नाही, ललकारीही नाही. पट्टा कचेरीचा आहे हे त्या उत्तराला मान्य आहे. पट्ट्यावरचा चेहरा कोणाचा, एवढे ते विचारते.

तीन शतकांच्या नोंदींत छत्रीखालच्या माणसाचे नाव आहे, छत्री धरणाऱ्याचे नाही. गव्हर्नराच्या लवाजम्याची संख्या आहे, त्यातल्या एकाचाही शब्द नाही. त्या दप्तरात आता चाकराच्या बाजूने लिहिलेला हा एक कागद आहे. ‘लिव्हरी’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्या अनुवादकाने वस्त्रे, पट्टा आणि झूल हे तिन्ही शब्द जवळ ठेवावेत, मूळ मजकुरातील माणूस कोणत्या क्षणी बोलू लागतो हे पाहावे, आणि चौथा शब्द त्या क्षणासाठी राखावा.